हवेचा हिशेब अर्थात् मोटारीच्या एअर फ्लो सेन्सरची घरगुती सफाई

मनुष्य जेवतो हें सर्वांच्या डोळ्यांस दिसतें. परंतु तो श्वास घेतो ह्याकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. मोटारीची गोष्टही अशीच आहे. पेट्रोल किती लागलें, तें किती महाग झालें, एका लिटरमध्यें गाडी किती चालली, ह्याची चर्चा घरोघर होते. पण त्या पेट्रोलाबरोबर गाडीनें हवा किती खाल्ली, असें विचारणारा विरळा. वस्तुतः वजनानें पाहूं गेल्यास मोटारीचा मुख्य आहार हवाच होय. एक किलो पेट्रोल पूर्णपणें जळण्यास सुमारें १४.७ किलो हवा लागते. एक लिटर पेट्रोलाचें वजन पाऊण किलोच्या आसपास भरतें. तेव्हां त्यास सुमारें ११ किलो हवा पाहिजे. एक घनमीटर हवेचें वजन सुमारें १.२ किलो असतें. म्हणजे एका लिटर पेट्रोलास नऊ हजार लिटरांहून अधिक हवा लागली! दहा फूट लांब, दहा फूट रुंद व दहा फूट उंच अशा खोलींतील सगळी हवा जेमतेम तीन लिटर पेट्रोलास पुरेल.

आतां एवढ्या हवेचा हिशेब ठेवतो कोण? गाडीच्या बॉनेटखालीं, एअर फिल्टरची पेटी व इंजिन ह्यांच्यामध्यें जी जाड नळी असते, तिच्यावर दोन स्क्रूंनीं बसविलेला प्लॅस्टिकचा एक लहानसा तुकडा असतो. मेकॅनिक लोक त्यास ‘एअर फ्लो सेन्सर’ किंवा नुसतें ‘मॅफ सेन्सर’ म्हणतात. दर सेकंदास किती ग्रॅम हवा इंजिनांत शिरत आहे हें तो मोजतो व गाडीच्या संगणकास कळवितो. संगणक त्या मानानें पेट्रोल सोडतो. हा सेन्सर मळला म्हणजे काय होतें, तो घरच्या घरीं कसा स्वच्छ करावा, आणि तो स्वच्छ करतांना आमच्या हातून कोणत्या चुका झाल्या, हें ह्या लेखांत सांगण्याचें योजिलें आहे. चुका सांगण्याचें कारण इतकेंच कीं, त्यांची किंमत आम्हीं एकदां मोजली आहे. वाचकांनीं ती पुन्हां मोजूं नये.

पूर्वींच्या मोटारींत हवा व पेट्रोल ह्यांचा मेळ घालण्याचें काम कार्ब्युरेटर करीत असे. नळीच्या अरुंद गळ्यांतून हवा वेगानें गेली कीं तेथील दाब कमी होई, व पेट्रोल आपोआप ओढलें जाई. युक्ति सुंदर होती, परंतु हिशेब ढोबळ होता. मोटारींच्या धुराविषयींचे कायदे जसजसे कडक होत गेले, तसतसा तो ढोबळ हिशेब पुरेनासा झाला. १९७४ च्या सुमारास जर्मनींतील बॉश कंपनीनें ‘एल-जेट्रॉनिक’ नांवाची पद्धत बाजारांत आणली. तींत हवेच्या वाटेंत एक झडप टांगलेली असे. हवेच्या झोतानें ती किती ढकलली जाते, ह्यावरून हवेचें माप निघे. ‘एल’ हें अक्षर हवा ह्या अर्थाच्या ‘लुफ्ट’ ह्या जर्मन शब्दाचें आद्याक्षर होय. पुढें १९८० नंतरच्या दशकाच्या आरंभीं झडपेच्या जागीं तापलेली तार आली, आणि आजचा सेन्सर हा तिचाच वंशज आहे. आपल्या देशांत इ. स. २००० च्या सुमारास धुराचे नियम कडक झाल्यावर नव्या मोटारींतून कार्ब्युरेटर हळूहळू हद्दपार झाला.

तापलेल्या तारेनें हवा कशी मोजावी, असा प्रश्न विद्यार्थ्यांस सहज पडेल. त्याचें उत्तर चहाच्या बशींत आहे. बशींतल्या चहावर आपण फुंकर घालतों तेव्हां तो निवतो; फुंकर जोराची असेल तर अधिक लवकर निवतो. आतां अशी कल्पना करा कीं, बशीखालीं एक लहानशी शेगडी आहे, आणि कितीही फुंकर घातली तरी चहा मुळींच निवूं द्यावयाचा नाहीं, असा आपला निश्चय आहे. मग फुंकर जितकी जोराची, तितका शेगडीचा जाळ वाढवावा लागेल. आणि जाळ किती वाढवावा लागला ह्यावरून फुंकर किती जोराची होती हें बिनचूक सांगतां येईल. सेन्सरांत चहाच्या जागीं प्लॅटिनमची केसासारखी बारीक तार असते, व जाळाच्या जागीं विजेचा प्रवाह असतो. येणाऱ्या हवेपेक्षां ही तार ठराविक अंशांनीं अधिक उष्ण राखली जाते. हवा तिला थंड करूं पाहते, वीज तिला पुन्हां तापविते. आणि त्या विजेचें माप तेंच हवेचें माप ठरतें. वाहत्या हवेंत बारीक तार किती उष्णता गमावते, ह्याचें गणित कॅनडांतील मॅगिल विद्यापीठाचे शास्त्रज्ञ लुई व्हेसो किंग ह्यांनीं १९१४ सालीं प्रसिद्ध केलें. मोटारीसाठीं त्याचा उपयोग होण्यास पुढें साठांहून अधिक वर्षें जावीं लागलीं.

तार निवली कीं नाहीं हें ओळखण्याची योजना वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांच्या परिचयाची आहे. तारेचें तापमान बदललें म्हणजे तिचा विजेस होणारा रोधही बदलतो, आणि रोधांतील सूक्ष्म फरक पकडण्यासाठीं ‘व्हीट्स्टनचा पूल’ वापरतात. हा पूल सॅम्युएल हंटर ख्रिस्ती ह्यांनीं १८३३ सालीं शोधिला, व चार्ल्स व्हीट्स्टन ह्यांनीं १८४३ सालीं त्यास प्रसिद्धि दिली. प्रयोगशाळेंत कंटाळून ज्याच्या आकृत्या काढाव्यात, तोच पूल आपल्या दाराशीं उभ्या असलेल्या मोटारींत अहोरात्र उपयोगी पडत आहे, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. हल्लींच्या बहुतेक सेन्सरांत मोकळ्या तारेऐवजीं अतिशय पातळ पापुद्र्यावर धातूचा थर बसविलेला असतो. परंतु तत्त्व तेंच.

ह्या पद्धतीचा मोठा गुण असा कीं, ती हवेचें आकारमान मोजीत नाहीं, वस्तुमान मोजते. कोंकणांतील पोलादपुराहून आंबेनळी घाटानें महाबळेश्वरास चढतांना आपण समुद्रसपाटीपासून सुमारें १३५० मीटर उंचीवर जातों. तेथील हवा समुद्रकांठच्या हवेपेक्षां सुमारें आठव्या हिश्श्यानें विरळ असते. नळींतून जाणारी हवा आकारानें तितकीच दिसली, तरी तींतील प्राणवायु कमी झालेला असतो. म्हणून पेट्रोलही कमी दिलें पाहिजे. विरळ हवा तारेस कमी थंड करते, सेन्सर कमी ग्रॅम सांगतो, आणि पेट्रोल आपोआप बेतानें सुटतें. चालकास ह्यांतलें कांहींच करावें लागत नाहीं.

परंतु हें सर्व सेन्सर खरें सांगत असेल तर! त्याच आंबेनळी घाटांत कांहीं वर्षांपूर्वीं मे महिन्यांत आम्हांस ह्याचा विपरीत अनुभव आला. गाडी १५०० सी. सी. ची, जुनी, पेट्रोलवर चालणारी. आंत आमच्या वृद्ध मातोश्री व घरचीं दोन मुलें. पुढें लाकडांनीं लादलेला ट्रक रेंगाळत होता. रस्ता थोडा सरळ व मोकळा दिसला म्हणून आम्हीं ट्रकास मागें टाकण्यासाठीं अ‍ॅक्सिलरेटर दाबला. गाडी निम्म्या ट्रकापर्यंत गेली, आणि तेथें तिनें दोनतीन आचके दिले व दम टाकला. पाय खालपर्यंत दाबलेला, इंजिनाचा आवाज मोठा, पण ओढ नाहीं. तेवढ्यांत वरच्या वळणावर एस. टी. ची गाडी दिसली. ब्रेक लावून आम्ही पुन्हां ट्रकाच्या मागें आलों, एवढेंच ईश्वरकृपेनें साधलें. मागच्या बैठकीवर कोणी कांहीं बोललें नाहीं. परंतु मातोश्रींच्या हातांतली पिशवी खालीं पडली होती, व ती उचलण्याचें भान त्यांस पुढें बराच वेळ राहिलें नाहीं.

असें कां झालें असावें? ज्या तारेनें वाऱ्याचा अंदाज घ्यावयाचा, तिच्यावर धुळीचा व तेलकट वाफेचा थर बसला होता. घोंगडें पांघरून बसलेल्या मनुष्यास वारा कमी लागतो; त्यास विचारलें तर तो प्रामाणिकपणें सांगेल कीं, आज वारा फारसा नाहीं. तो लबाड नसतो. त्याच्या अंगावर घोंगडें असतें. मळलेली तारही तशीच. हवा तिच्या अंगास नीट भिडत नाहीं, ती कमी निवते, आणि संगणकास ‘हवा थोडी आहे’ असें कळवून मोकळी होते. विद्यार्थ्यांनीं घरीं हा प्रयोग करून पाहावा : दोन सारख्या पेल्यांत सारखेंच गरम पाणी घ्यावें, एकास जाड पंचा गुंडाळावा, दोन्ही पंख्याखालीं ठेवावे, व पंधरा मिनिटांनीं दोहोंचें तापमान पाहावें. पंचा गुंडाळलेल्या पेल्यास पंखा जणूं कळलेलाच नसतो.

ह्या चुकीचा परिणाम आंकड्यांनीं पाहूं. १५०० सी. सी. म्हणजे दीड लिटर. चार धावांच्या इंजिनांत दर दोन फेऱ्यांस एकदां सर्व सिलिंडर हवेनें भरतात. इंजिन मिनिटास ३००० फेरे करीत असेल, तर मिनिटांत १५०० वेळां दीड लिटर, म्हणजे २२५० लिटर हवा आंत जाईल; सेकंदास ३७.५ लिटर. एक लिटर हवेचें वजन १.२ ग्रॅम धरल्यास हे ४५ ग्रॅम झाले, व त्यास पेट्रोल सुमारें ३ ग्रॅम लागेल. खऱ्या इंजिनांत सिलिंडर पूर्णपणें भरत नाहींत, म्हणून आंकडा कांहीं कमीच येतो. पण समजण्यासाठीं ४५ च धरूं. आतां मळलेल्या सेन्सरनें ४५ च्या जागीं ४० सांगितले, तर संगणक सुमारें २.७ ग्रॅमच पेट्रोल देईल. मग एक भाग पेट्रोलास १४.७ ऐवजीं सुमारें १६.५ भाग हवा पडते. असें पातळ मिश्रण हळू पेटतें, कधीं पेटतच नाहीं. गाडी आचके देते, पिकअप जातो. सायलेन्सरच्या वाटेवर बसविलेला दुसरा एक सेन्सर जळून उरलेला प्राणवायु पाहून संगणकास सावध करतो, आणि संगणक पेट्रोल वाढवून चूक बरीचशी झांकतो. म्हणूनच सपाट रस्त्यावर दोष लपून राहतो. परंतु अ‍ॅक्सिलरेटर एकदम पूर्ण दाबला असतां त्या दुरुस्तीवर भरंवसा ठेवतां येत नाहीं. दोष नेमका घाटांत, नेमका ट्रकाच्या शेजारीं उघडकीस येतो, त्याचें कारण हें होय.

घरीं परतल्यावर एका गॅरेजांत दाखविलें. सेन्सर बिघडला आहे, नवा टाकावा लागेल, कांहीं हजार रुपये पडतील, असें सांगण्यांत आलें. आम्हीं मनांत म्हटलें, बिघडला नसेल, मळला असेल. आपणच साफ करूं. विचार योग्य होता. कृति मात्र शुद्ध अविचाराची झाली. लहानपणीं घरांत कंदिलाची कांच राखेनें व फडक्यानें पुसण्याचें काम आमच्याकडे असे. त्याच सवयीनें आम्हीं सेन्सर काढला, काडीच्या टोकास कापूस लावला, तो पेट्रोलांत बुडविला, आणि आंतील भाग चांगला घासून लखलखीत केला. मळ गेला, पण त्याबरोबर पापुद्र्यावरील तो नाजूक थरही फाटला. गाडी सुरू झाली ती थरथरतच, आणि समोरच्या तबकडीवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. जी वस्तु साफ करून वांचणार होती, ती आम्हीं पुसून मारली. अखेर नवा सेन्सर विकत घ्यावा लागला. पहिला धडा हा : कंदिलाची कांच पुसावयाची असते, ह्या तारेस बोटही लावावयाचें नसतें.

वर्ष पुरतें झालें नाहीं तोंच नव्या सेन्सरचीही तीच तक्रार सुरू झाली. ह्या वेळीं मात्र आम्ही उतावीळ झालों नाहीं. स्टेअरिंगखालच्या खांचेंत बसवावयाचा व मोबाईलवर आंकडे दाखविणारा लहान स्कॅनर एका स्नेह्यांकडून मागून आणला. गांवाबाहेरच्या निर्जन चढावर आम्ही गाडी चालवीत होतों, व इयत्ता नववींत शिकणारा आमचा पुतण्या शेजारीं बसून आंकडे टिपून घेत होता. ३००० फेऱ्यांस, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला असतां, सेन्सर सेकंदास ३३ ग्रॅम दाखवीत होता. “काका, तुमच्या हिशेबानें चाळिसाच्या आसपास पाहिजेत ना? आंकडा वर चढतच नाहीं!” असें तो म्हणाला, तेव्हां रोग कोठें आहे हें आम्हांस कळून चुकलें. मग योग्य रीतीनें सफाई केली. ती रीत येणेंप्रमाणें आहे.

प्रथम आपल्या गाडींत हा सेन्सर आहे कीं नाहीं, हें गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकांत पाहावें. पुष्कळ लहान पेट्रोल गाड्यांत तो नसतोच. तेथें हवेच्या दाबावरून हिशेब करणारा निराळा सेन्सर असतो. डिझेल गाड्यांत तो बहुधा असतो. गाडी हमीच्या मुदतींत असल्यास स्वतः हात न घालतां ती कंपनीच्या कार्यशाळेंत न्यावी, हें उत्तम.

(१) साहित्य : ‘मॅफ सेन्सर क्लीनर’ म्हणून खास विकला जाणारा फवाऱ्याचा डबा आणावा. हा द्रव प्लॅस्टिकास अपाय करीत नाहीं व वाळल्यावर मागें कांहीं ठेवीत नाहीं. कार्ब्युरेटर किंवा ब्रेक साफ करण्याचा फवारा, पेट्रोल, रॉकेल, थिनर ह्यांपैकीं कांहींही वापरूं नये. त्यांनीं प्लॅस्टिक खराब होण्याची किंवा तारेवर नवा थर बसण्याची भीति असते. स्क्रूचें डोकें पुष्कळदां षट्कोनी ताऱ्याच्या आकाराचें असतें. त्यास तसाच स्क्रू-ड्रायव्हर पाहिजे. हातमोजे व चष्मा घालावा.

(२) जागा व वेळ : काम उघड्यावर करावें. फवारा ज्वालाग्राही असतो. जवळ विडी, काडी, शेगडी किंवा उदबत्तीही नसावी. इंजिन पूर्ण थंड होऊं द्यावें, किल्ली काढून घ्यावी, व बॅटरीची ऋण बाजूची तार सोडवून ठेवावी.

(३) सेन्सर काढणें : आधीं त्याच्या सभोंवतीं साचलेली धूळ ओल्या फडक्यानें टिपून घ्यावी, नाहीं तर सेन्सर निघतांच ती नळींत पडेल. तारांचा जोड सोडवितांना त्याची खिटी दाबावी व जोड धरून ओढावा. तारा धरून ओढूं नये. सेन्सरवर हवेची दिशा दाखविणारा बाण असल्यास तो लक्षांत ठेवावा. दोन्ही स्क्रू काढून सेन्सर सरळ वर उचलावा, वेडावांकडा ओढूं नये. उघड्या भोंकावर स्वच्छ कापड टाकावें.

(४) फवारणी : सेन्सरचें तोंड खालीं करून धरावें, म्हणजे मळ वाहून जाईल. चार ते सहा इंचांवरून तार किंवा पापुद्रा, आणि शेजारीं असलेला हवेचें तापमान पाहणारा लहान मणी, ह्यांवर दहापंधरा लहान लहान फवारे मारावे. मधून मधून बाजू बदलावी. फवाऱ्याच्या नळीचें टोंक आंत खुपसूं नये. ब्रश, कापूस, फडकें, टांचणी ह्यांपैकीं कशाचाही स्पर्श होतां कामा नये. जेवढें द्रवानें निघेल तेवढेंच काढावें. उरलेल्यासाठीं हट्ट धरूं नये.

(५) वाळविणें : निदान अर्धा तास तो आपोआप वाळूं द्यावा. तोंडानें फुंकर घालूं नये, हवेच्या पंपाचा झोत मारूं नये, केस वाळविण्याचें यंत्र लावूं नये. सर्व कामांत हाच भाग कठीण आहे, कारण येथें कांहीं न करणें हेंच काम आहे.

(६) पुन्हां बसविणें : रबराची कडी जागेवर आहे ना, बाण इंजिनाकडे आहे ना, हें पाहून सेन्सर बसवावा. स्क्रू प्लॅस्टिकांत फिरतात, म्हणून बेतानें आवळावे. जोड ‘टक्’ असा आवाज होईपर्यंत दाबावा. बॅटरी जोडून इंजिन सुरू करावें व थोडा वेळ चालूं द्यावें. आरंभीं त्याची गति किंचित् वरखालीं झाली तर घाबरूं नये. संगणक नव्या आंकड्यांशीं जुळवून घेत असतो. पिवळा दिवा पूर्वीं लागला असेल, तर स्कॅनरनें त्याची नोंद पुसावी व तो पुन्हां लागतो काय हें पाहावें.

ह्याप्रमाणें सफाई केल्यावर आम्ही त्याच चढावर पुन्हां गेलों. पूर्वींच्याच फेऱ्यांस ३३ च्या जागीं ३९ ग्रॅम आले. पुतण्यानें दोन्ही आंकडे एकाखालीं एक लिहून त्यांची वजाबाकी केली, व ‘सहा ग्रॅमचें घोंगडें’ असें त्यास नांव दिलें. गाडी पूर्वींसारखी ओढूं लागली.

परंतु खरा प्रश्न अजून उरलाच होता. नवा सेन्सर वर्षाच्या आंत मळला कसा? फिल्टरनें धूळ अडवावी, हें तर त्याचें कामच. म्हणून आम्हीं फिल्टरची पेटी नीट पाहिली. तिच्या झांकणास चार क्लिपा होत्या. त्यांपैकीं मागची, हात सहज न पोंचणारी, एक क्लिप लागलेलीच नव्हती. त्या कोपऱ्यांत झांकण किंचित् उचललेलें होतें, आणि आंतल्या बाजूस तेथून निघालेली धुळीची बारीक तांबूस रेघ थेट सेन्सरच्या दिशेनें गेलेली स्पष्ट दिसत होती. कोणत्या तरी सर्व्हिसिंगच्या वेळीं घाईंत ती क्लिप राहून गेली असावी. पहिला सेन्सर तिनेंच मळविला, आम्हीं तो पुसून मारला, आणि नवाही तिच्याच तोंडीं दिला. रोग्यास औषध दिलें, पण विहीर तशीच घाण ठेवली, असा हा प्रकार झाला. दुसरा धडा हा : मळ काढण्याआधीं तो कोठून आला हें शोधावें. क्लिपा, फिल्टरच्या कडेचें रबर, फाटका किंवा स्वस्त म्हणून घेतलेला सैल फिल्टर, तेल लावून वापरावयाच्या फिल्टरास गरजेपेक्षां जास्त लागलेलें तेल, हीं त्याचीं नेहमींचीं उगमस्थानें होत.

आणखी एक सूचना देणें अवश्य आहे. गाडी ओढत नाहीं म्हणजे सेन्सरच मळला, असें धरून चालूं नये. सेन्सर व इंजिन ह्यांच्यामधल्या रबरी नळीस चीर पडली, तर तेथून शिरणारी हवा मोजलीच जात नाहीं, आणि लक्षणें अगदीं तशींच दिसतात. पेट्रोलचा पंप अशक्त झाला तरी मिश्रण पातळच होतें. स्कॅनरवर ‘पी ०१७१’ अशी खूण आली, तर तिचा अर्थ ‘मिश्रण पातळ आहे’ एवढाच असतो. अपराधी कोण हें ती सांगत नाहीं. ‘पी ०१०१’ ही खूण सेन्सरच्या मापाविषयीं शंका दाखविते. पण तीसुद्धां आरोपच, निकाल नव्हे. सेन्सरची तार आंतून तुटली असेल, तर कितीही फवारे मारून ती सांधणार नाहीं. आणि कारण नसतां दर महिन्यास सेन्सर काढून साफ करण्याचीही गरज नाहीं. फिल्टर बदलतांना पेटीच्या आंतल्या बाजूस धूळ दिसते काय, एवढें पाहिलें म्हणजे पुरे.

विद्यार्थिमित्रहो, हें काम फारसें कठीण नाहीं. परंतु थोर माणसें जवळ असल्यावांचून तें करूं नका. पालकांस आमची अशी विनंति आहे कीं, त्यांनीं हें काम करतांना मुलांस दूर न पाठवितां शेजारीं उभें करावें, त्यांच्याकडून स्क्रू मोजून घ्यावेत, आंकडे लिहून घ्यावेत, व घोंगड्याची गोष्ट त्यांस समजावून द्यावी. व्हीट्स्टनचा पूल पुस्तकांतून जितका कळतो, त्याहून अधिक तो बॉनेटखालीं कळतो. आमच्या घरीं आतां एक नियम झाला आहे. गाडी कोठूनही सर्व्हिसिंग होऊन आली कीं पुतण्या बॉनेट उघडतो, मागच्या कोपऱ्यांत हात घालतो, आणि ‘चारी क्लिपा लागल्या आहेत’ असें मोठ्यानें सांगतो. त्यानंतर मगच मातोश्री गाडींत बसतात.